दिसण्याची साक्ष

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने माणसाला किती दिसू लागले, याची नोंद दोन रीतींनी घेता येते. पहिल्या रीतीत रुग्णाला तक्त्यासमोर बसवतात आणि कुठल्या ओळीपर्यंतची अक्षरे वाचता येतात ते पाहतात. दुसऱ्या रीतीत त्यालाच विचारतात: वर्तमानपत्र वाचताना त्रास होतो का, जिना उतरताना पायरीची कड दिसते का, समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येतो का. दोन्ही मोजमापे शस्त्रक्रियेआधी आणि नंतर घेऊन त्यांतला फरक काढला जातो. हे दोन फरक पुष्कळदा जुळतात, पण दर वेळी जुळत नाहीत. तक्त्यावर तीन ओळी जास्त वाचणारा एखादा माणूस काही विशेष फरक पडला नाही असे म्हणतो, तर जेमतेम एक ओळ पुढे सरकलेली एखादी बाई पुन्हा एकटीने बाजारात जाता येते म्हणून समाधानाने सांगते. अशा वेळी कोणाचे खरे मानायचे, हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. मुळात तो प्रमाणशास्त्राचा आहे. एकाच्या अनुभवाविषयी दुसऱ्याला ज्ञान होते ते कशाच्या आधारे, आणि त्या ज्ञानाला आकडा लावण्याचा अधिकार कुठून येतो, हे त्यात ठरवावे लागते.

आधी तक्त्याकडे पाहणे बरे. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आपला तक्ता प्रसिद्ध केला आणि दृष्टीला अपूर्णांकात लिहिण्याची पद्धत रूढ झाली. ६/६० याचा अर्थ असा की निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखता येते, ते या रुग्णाला सहा मीटरवर आल्यावर ओळखू येते. पुढे १९७६ मध्ये बेली आणि लोव्ही यांनी प्रत्येक ओळीत सारख्याच संख्येची अक्षरे आणि ओळीगणिक ठरावीक प्रमाणात लहान होणारा आकार असा सुधारलेला तक्ता मांडला. संशोधनात आज त्याच धर्तीचे तक्ते वापरतात. या पद्धतीला वस्तुनिष्ठ म्हणायचे आणि रुग्णाच्या उत्तरांना व्यक्तिनिष्ठ, अशी विभागणी सर्रास केली जाते.

ती विभागणी तपासली तर टिकत नाही. तक्त्यासमोरही बोलतो तो रुग्णच. डॉक्टरला रुग्णाच्या डोळ्यातून दिसत नाही. त्याला फक्त 'ई', 'एफ', 'पी' हे शब्द ऐकू येतात. फरक आहे तो एवढाच की अक्षर कोणते हे डॉक्टरला आधीच ठाऊक असते, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे त्याला जागच्या जागी ठरवता येते. वर्तमानपत्र वाचताना किती त्रास होतो, या प्रश्नाची उत्तरपत्रिका कोणाजवळच नसते. म्हणजे दोन्ही पद्धती साक्षीवरच उभ्या आहेत. एका साक्षीची पडताळणी दुसऱ्याला करता येते, दुसरीची तशी करता येत नाही. पडताळता न येणारी साक्ष कमी दर्जाची, असा निष्कर्ष यातून आपोआप निघत नाही. तसे म्हणायचे तर वेदना, भूक, थकवा यांविषयीचे माणसाचे सगळेच बोलणे कमी दर्जाचे ठरेल आणि वैद्यकाचा निम्मा व्यवहार बंद पडेल.

शिवाय तक्ता जे मोजतो ते फार अरुंद असते. त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद काळी अक्षरे असतात, प्रकाश नियंत्रित असतो, एक डोळा झाकून दुसरा तपासला जातो आणि रुग्ण स्थिर बसलेला असतो. मोतीबिंदूत डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होते आणि आत येणारा प्रकाश विखुरतो. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा डोळ्यांत पसरतो, तिन्हीसांजेला रस्त्यावरचा खड्डा आणि सावली यांतला भेद कळेनासा होतो, एकाच रंगाच्या पायऱ्या एकमेकींत मिसळून जातात. यांतले बरेचसे उजळ खोलीतल्या काळ्या अक्षरांवर उमटतच नाही. भिंगाचा मध्यभाग घट्ट होत जाणाऱ्या प्रकारात तर काही काळ उलटेच घडते. डोळ्याचा नंबर लघुदृष्टीकडे सरकतो, जवळचा चष्मा सुटतो आणि आपली नजर सुधारली असे त्या माणसाला वाटते. दूरचे मात्र धूसर होत गेलेले असते.

रुग्णालाच विचारण्याची पद्धत शिस्तीत बसवण्याचे काम गेल्या तीन-चार दशकांत झाले. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेली व्हीएफ-१४ ही प्रश्नावली त्यातला महत्त्वाचा टप्पा. तिच्यात चौदा कामे दिली आहेत: बारीक अक्षरे वाचणे, जवळचा माणूस ओळखणे, पायऱ्या आणि कडा दिसणे, रस्त्यावरच्या पाट्या वाचणे, शिवण-टिपणासारखे हातकाम, अर्ज भरणे, स्वयंपाक, दूरदर्शन, दिवसा आणि रात्री गाडी चालवणे वगैरे. प्रत्येक कामासाठी त्रास अजिबात नाही, थोडा, मध्यम, फार, किंवा दिसत नसल्यामुळे काम करताच येत नाही, असे उत्तर द्यायचे असते. त्यांना चारपासून शून्यापर्यंत गुण मिळतात. जे काम माणूस कधी करतच नाही ते गाळतात, उरलेल्या गुणांची सरासरी काढतात आणि तिला पंचविसाने गुणून शून्य ते शंभर यांमधला आकडा मिळवतात. ही प्रश्नावली तयार करणाऱ्यांना असे आढळले की आपल्या नजरेविषयी रुग्णाची जी एकंदर तक्रार असते, तिच्याशी या आकड्याचे नाते तक्त्यावरच्या आकड्यापेक्षा अधिक घट्ट असते. हे अपेक्षितच म्हणावे लागेल, कारण दोन्ही उत्तरे एकाच तोंडून आलेली असतात. पण त्या नात्याचा अर्थ काय लावायचा, हे आकडेवारी सांगू शकत नाही.

दुसऱ्याच्या शब्दाने ज्ञान होते का, यावर भारतीय दर्शनांत दीर्घ वाद झाला आहे आणि त्यातल्या भूमिका या प्रश्नाला थेट लागू पडतात. चार्वाकांनी शब्दाला प्रमाण मानले नाही. वैशेषिकांनी आणि दिङ्नागादी बौद्धांनी शब्दाला स्वतंत्र स्थान न देता त्याचा अंतर्भाव अनुमानात केला. त्यांच्या मते बोलणाऱ्याच्या शब्दांवरून ऐकणारा काहीतरी अनुमान करतो, जसे तो इतर कुठल्याही खुणेवरून करील. नैयायिकांनी मात्र शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, अट एकच की तो आप्ताचा असावा. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे जे लक्षण दिले ते विलक्षण उदार आहे. ज्याला त्या गोष्टीचे साक्षात ज्ञान आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही त्याने स्पष्ट केले. कुळ, विद्या किंवा पद यांचा त्यात संबंध नाही.

दवाखान्यात आजही हे दोन पक्ष भेटतात, जरी त्यांना ही नावे कोणी देत नसले तरी. रुग्णाचे उत्तर ही एक खूण आहे आणि तिच्यावरून डोळ्याची अवस्था अनुमानायची आहे, असे मानणारा डॉक्टर वैशेषिकांच्या बाजूचा. उत्तर आणि तक्ता जुळले नाहीत की त्याला उत्तरातच दोष दिसतो, कारण त्याच्या दृष्टीने खरी वस्तू डोळ्यात आहे आणि शब्द तिची सावली. रुग्ण आपल्या अडचणीविषयी जे सांगतो ते ज्ञानच आहे, ते अनुमानाच्या वाटेने वळवून घेण्याची गरज नाही, असे मानणारा नैयायिकांच्या बाजूचा. या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. मोतीबिंदूने त्रस्त झालेली म्हातारी बाई भिंगाच्या गढूळपणाविषयी आप्त नाही. तो विषय स्लिट-लॅम्प या यंत्राखाली डोळा तपासणाऱ्याचा. पण अंगणातून परसदारी जाताना तिला काय जमते आणि काय जमत नाही, याविषयी तिच्याइतके साक्षात ज्ञान दुसऱ्या कोणाजवळ नाही. तक्ता आणि प्रश्नावली जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. त्यांचे विषय वेगळे असतात. तक्ता डोळ्याविषयी बोलतो, तर उत्तर डोळा आणि जगणे यांच्या नात्याविषयी.

आप्ताचे म्हणणे मान्य करायचे म्हणजे ते डोळे झाकून मान्य करायचे असे मात्र नाही. वक्त्याच्या ठायी संभवणारे चार दोष परंपरेने मोजले आहेत: भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव. गैरसमज, निष्काळजीपणा, फसवण्याची इच्छा आणि इंद्रियांचा अधूपणा. चौथा दोष इथे मोठा पेच निर्माण करतो. एरवी ज्याची नजर अधू आहे अशा साक्षीदाराचे पाहण्याविषयीचे म्हणणे आपण बाजूला ठेवतो. इथे मात्र साक्ष त्या अधूपणाविषयीचीच आहे. इंद्रियाचा दोष साक्षीला बाद करीत नाही, तो साक्षीचा विषय होतो. अधू डोळा बाहेरच्या वस्तूविषयी चुकीचे सांगू शकतो, पण आपल्याला धूसर दिसते हे सांगणारे ज्ञान त्या डोळ्याने झालेले नसते.

मग ते कशाने होते? दिङ्नागाच्या मते प्रत्येक ज्ञान स्वतःलाच जाणते. न्यायमतानुसार आधी वस्तूचे ज्ञान होते आणि मग मनाला त्या ज्ञानाचे ज्ञान होते. त्याला अनुव्यवसाय म्हणतात. मोतीबिंदूच्या बाबतीत या दोन्हींत न बसणारी एक गोष्ट आढळते. नजर इतकी हळूहळू मंदावते की मंदावल्याचे कळतच नाही. भिंग वर्षानुवर्षे पिवळे होत जाते, निळा रंग कमी-कमी आत येतो आणि मेंदू त्याच्याशी जुळवून घेत राहतो. काल आणि आज यांत फरक नसतो, आज आणि उद्या यांतही नसतो. आपल्याला कमी दिसते हे माणसाला पुष्कळदा स्वतःच्या पाहण्यातून कळत नाही, ते कामे बिघडल्यावर कळते. सुईत दोरा जात नाही, तांदळातला खडा दाताखाली येतो, समोरून हसलेली शेजारीण दुखावते. म्हणजे त्रासाविषयीचे रुग्णाचे उत्तर हे शुद्ध अंतर्निरीक्षण नसून त्यात अनुमानाचा मोठा वाटा असतो, आणि ते अनुमान स्वतःच्या जगण्यातल्या घटनांवर बेतलेले असते. प्रश्नावल्या कसे दिसते असे न विचारता अमुक काम करताना त्रास होतो का असे विचारतात, ही त्यामुळे योग्यच निवड आहे.

एक डोळा झाल्यानंतर दुसऱ्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत जो काळ जातो, तो या संदर्भात फार मोलाचा आहे. जॉन लॉक यांनी १६९० सालच्या आपल्या ग्रंथात अशी शंका मांडली होती की एकाला झेंडूत जो रंग दिसतो तोच दुसऱ्याला जांभळ्या फुलात दिसत असेल, तर ते दोघांनाही कधीच कळणार नाही, कारण एकाचे मन दुसऱ्याच्या शरीरात शिरून पाहू शकत नाही. मोतीबिंदूचा रुग्ण या काळात दोन वेगळ्या भिंगांतून एकच भिंत पाहत असतो. एक डोळा झाकला की चुना पांढरा, काहीसा निळसर दिसतो आणि दुसरा झाकला की तोच चुना चहासारखा पिवळट. दोन माणसांत जी तुलना अशक्य ठरवली गेली ती इथे एकाच माणसात घडते. न झालेल्या डोळ्यातून आपण इतकी वर्षे काय पाहत होतो, हे त्याला त्या वेळी पहिल्यांदा समजते. आधी ज्या डोळ्याविषयी त्याची तक्रार नव्हती, त्याच डोळ्याविषयी ती आता सुरू होते, वास्तविक त्या डोळ्यात काहीच बदललेले नसते. चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९२३ पर्यंत लांबवली. त्यानंतर दिसलेले रंग त्यांना इतके परके वाटले की त्यांनी बराच काळ तक्रार केली, रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले आणि डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतलीच नाही. रंग हेच ज्याचे जगणे होते अशा माणसाची ही साक्ष कुठल्याही तक्त्याने पुसता येण्यासारखी नाही.

याच टप्प्यावर आधी आणि नंतर यांची वजाबाकी संशयास्पद होते. वजाबाकीसाठी पट्टी तीच राहायला हवी. इथे पट्टी रुग्णाच्या मनात असते आणि शस्त्रक्रिया तिलाही हात लावते. आधी थोडा त्रास म्हणणारा माणूस, खरे स्पष्ट दिसणे काय असते हे कळल्यावर, पूर्वीच्या अवस्थेला फार त्रास म्हणू लागतो. जीवनमानाच्या संशोधनात या घटनेला प्रतिसाद-बदल म्हणतात. १९९९ मध्ये स्प्रेंजर्स आणि श्वार्ट्झ यांनी त्याची तीन रूपे सांगितली: मनातल्या पट्टीवरच्या खुणा सरकणे, कशाला किती महत्त्व द्यायचे हे बदलणे, आणि मोजल्या जाणाऱ्या गोष्टीची कल्पनाच बदलणे. एक उपाय म्हणून शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मागे वळून विचारतात की आधी किती त्रास होता. पण या उत्तरात स्मृतीचे दोष येतात आणि कृतज्ञताही येते. ज्या डॉक्टरने डोळा दिला त्याच्या समोर आधीचे दिवस अधिक अंधारे आठवतात. दोन उत्तरांपैकी खरे कोणते? आधीचे उत्तर त्या काळच्या पट्टीने खरे होते आणि नंतरचे नंतरच्या पट्टीने. पट्ट्यांच्या वरची तिसरी पट्टी कोणाजवळ नाही. म्हणून फरकाचा आकडा सांगताना तो कोणत्या क्षणी, कोणत्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांतून आला, हे सांगणे त्या आकड्याचाच भाग मानले पाहिजे.

साक्षात ज्ञानाच्या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळ्याच दिशेने येतो. अर्थशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेल्या लेखात केरळ आणि बिहार यांची तुलना केली. केरळात आयुर्मान भारतात सर्वाधिक आणि लोकांनी स्वतः सांगितलेले आजारपणही सर्वाधिक. बिहारात आयुर्मान कमी आणि तरी आजारपणाच्या तक्रारी कमी. ज्यांना आरोग्यसेवा आणि शिक्षण मिळाले त्यांना आजार ओळखता आला. ज्यांना मिळाले नाही त्यांनी तो जगण्याचा भाग मानला. सेन यांनी इतरत्र बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ मध्ये सिंगूर येथे झालेल्या एका पाहणीचाही दाखला दिला आहे. तिथे जवळजवळ निम्म्या विधुरांनी आपली प्रकृती बरी नसल्याचे सांगितले, तर विधवांमध्ये तसे सांगणाऱ्या अगदी मोजक्या होत्या. विधवांची प्रकृती चांगली होती असे यातून सिद्ध होत नाही. तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहे, हेच त्यांना कोणी शिकवले नव्हते.

मोतीबिंदूची प्रश्नावली याच ठिकाणी सर्वांत कमकुवत आहे. वय झाले की नजर जायचीच असे मानणारी स्त्री आपला त्रास कमी सांगते. जिला कधी अक्षरओळखच झाली नाही तिच्या वाचनाच्या रकान्यात लागू नाही असे लिहून तो रकाना सरासरीतून गाळला जातो. गणिताच्या दृष्टीने हे बरोबर आहे. न्यायाच्या दृष्टीने नाही, कारण जे कधी मिळालेच नाही ते हरवल्याची नोंद कुठल्याच आकड्यात येत नाही. सेन यांचा आक्षेप साक्षीला बाद करीत नाही. साक्षात ज्ञानालाही शिक्षण, अपेक्षा आणि धाडस यांचा आधार लागतो, हे तो दाखवतो. आप्ताच्या लक्षणातली दुसरी अट, म्हणजे जाणले तसे सांगण्याची इच्छा, ही त्यामुळे केवळ व्यक्तीच्या स्वभावाची अट राहत नाही. ऐकणाऱ्याने आणि समाजाने ती इच्छा होऊ दिली पाहिजे.

आता आकड्याचा प्रश्न. थोडा आणि मध्यम यांतले अंतर मध्यम आणि फार यांतल्या अंतराइतकेच आहे, असे गृहीत धरल्याशिवाय सरासरी काढता येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे प्रकार सांगितले, त्यात नुसता क्रम लावणारी पट्टी आणि सारख्या अंतराची पट्टी यांत स्पष्ट भेद केला. त्रासाची उत्तरे पहिल्या प्रकारची आहेत. त्यांना दुसऱ्या प्रकारात आणण्याचा मार्ग डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानातून काढला जातो. त्यात असे मानतात की एखाद्या कामाविषयी माणूस काय उत्तर देईल याची शक्यता फक्त दोन गोष्टींच्या फरकावर अवलंबून असते: माणसाची क्षमता आणि कामाची अवघडता. बारीक छापील मजकूर वाचणे बहुतेकांना अवघड, माणसाला जवळून ओळखणे सोपे. हजारो उत्तरांतून ही अवघडता ठरते आणि मग माणूस व काम दोन्ही एकाच रेषेवर ठेवता येतात. या कसोटीवर व्हीएफ-१४ तपासली गेली तेव्हा तिच्यातले काही प्रश्न रेषेत बसले नाहीत आणि तिची आखूड रूपे तयार झाली.

राशच्या प्रतिमानाने मोजमाप सुधारते, यात शंका नाही. पण तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञ जोएल मिशेल यांनी आग्रहाने मांडलेला मुद्दा तरीही उरतो: एखादी मानसिक गोष्ट मुळात संख्येच्या रचनेची आहे की नाही, हे गृहीत धरायचे नसते, ते पडताळून पाहायचे असते. उत्तरे प्रतिमानात बसावीत म्हणून न बसणारे प्रश्न काढून टाकले, तर उरलेली उत्तरे बसणारच. काढून टाकलेला प्रश्न कदाचित एखाद्या माणसाच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. त्याची उत्तरे विस्कळीत येतात, कारण रात्री गाडी चालवणे हे काहींचे पोटापाण्याचे काम असते आणि काहींनी कधी स्टिअरिंगला हात लावलेला नसतो.

स्वीडनची कॅटक्वेस्ट-९एसएफ ही प्रश्नावली या अडचणीतून वाट काढण्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयत्न म्हणता येईल. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. त्या नोंदीसाठी तयार झालेली मूळ प्रश्नावली २००९ मध्ये लुंडस्ट्रॉम आणि पेसुडोव्ह्स यांनी राशच्या पद्धतीने तपासून नऊ प्रश्नांवर आणली. सात प्रश्न कामांविषयीचे आहेत: वर्तमानपत्र, चेहरे, दुकानातल्या किमती, उंचसखल जमिनीवर चालणे, हातकाम, दूरदर्शनवरच्या तळओळी आणि आपल्या आवडीचा छंद. उरलेल्या दोन प्रश्नांत एकंदर त्रास आणि एकंदर समाधान विचारले आहे. तळओळींचा प्रश्न स्वीडनमध्ये स्वाभाविक आहे, कारण तिथे परदेशी कार्यक्रम भाषांतरित ओळींसह दाखवण्याची रीत जुनी आहे. मराठी घरात दूरदर्शनसमोर बसलेल्या आजीला तो प्रश्न विचारून तिच्या नजरेविषयी फार थोडे कळेल. छंदाचा प्रश्न मात्र तत्त्वतः वेगळा आहे. त्यात काम कोणते हे प्रश्न ठरवत नाही, उत्तर देणारा ठरवतो. एकासाठी ते विणकाम, दुसऱ्यासाठी ज्ञानेश्वरीची पोथी, तिसऱ्यासाठी शेताच्या बांधावरून फेरी मारणे. सगळ्यांसाठी तोच प्रश्न, आणि तरी प्रत्येकासाठी वेगळा. मोजमापाच्या कडक नियमाने असा प्रश्न बिघडायला हवा होता. तो टिकला, आणि त्याचे महत्त्व जेवढे ओळखले जायला हवे तेवढे ओळखले गेलेले नाही.

प्रश्न कोणी आणि कोणासाठी रचले, हा म्हणूनच तांत्रिक तपशील नाही. व्हीएफ-१४ मध्ये गोल्फ, टेनिस, बिंगो यांसारख्या खेळांची नावे आहेत. भारतात त्या प्रश्नांचे काय करायचे हे उघड होते. २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली भारतीय दृष्टिकार्य प्रश्नावली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसह मदुराई आणि हैदराबाद येथील नेत्रसंस्थांच्या सहभागातून तयार झाली. अंधुक दिसणाऱ्या माणसांना गटात बसवून, त्यांना कशाचा त्रास होतो ते त्यांच्याच भाषेत बोलू देऊन ती रचली गेली. तिच्या तेहतीस प्रश्नांत कामाच्या अडचणींसोबत मनावर आणि माणसांतल्या वावरावर होणारा परिणाम वेगळा विचारला आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ लिआ मॅक्लिमन्स यांनी हान्स-गेओर्ग गादामर यांच्या विचाराचा आधार घेऊन असे प्रतिपादन केले आहे की रुग्णाला विचारलेला प्रश्न खरोखर मोकळा असला पाहिजे. उत्तराने प्रश्नालाच दुरुस्त करण्याची वाट त्यात हवी. भारतीय प्रश्नावलीतले गट-संवाद हे त्या मोकळेपणाचे एक रूप होते. प्रश्नावली छापून झाली की मात्र ती वाट बंद होते आणि पुढच्या रुग्णाला चौकटीतच उत्तर द्यावे लागते.

या आकड्यांचा वापर कशासाठी होतो, यावर साक्षीचा खरेपणाही अवलंबून राहतो. जिथे शस्त्रक्रियेसाठी लांब प्रतीक्षायादी असते आणि क्रम लावताना रुग्णाचे उत्तर धरले जाते, तिथे त्रास वाढवून सांगण्याचा मोह होतो. जिथे डॉक्टरच उत्तर लिहून घेतो, तिथे नंतरचा त्रास कमी सांगितला जातो. विप्रलिप्सा हा दोष वक्त्याचा मानला असला तरी तो पुष्कळदा विचारणाऱ्याच्या रचनेतून येतो. स्वीडिश नोंदींतून एक उपयोगी गोष्टही कळली: ज्यांना आधीपासूनच फारसा त्रास नव्हता, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर फरक उणे येण्याची शक्यता अधिक असते. त्यामागे कोरडे झालेले डोळे असतात, दोन डोळ्यांच्या नंबरांतली तफावत असते, किंवा आयुष्यभर चष्मा काढून वाचणाऱ्या लघुदृष्टीच्या माणसाचे जवळचे दिसणे गेलेले असते. तक्त्यावर यांतले बहुतेक यशस्वी गणले जातात. त्यांना विचारले नसते तर शस्त्रक्रिया कोणाला करू नये, हे कधीच कळले नसते.

भारतात आणि जागतिक पातळीवर धोरणाचा भर अजून तक्त्यावरच आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शस्त्रक्रियांची संख्या हा दीर्घकाळ मुख्य निकष राहिला. जागतिक आरोग्य परिषदेने २०२१ मध्ये स्वीकारलेले उद्दिष्टही, शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांपैकी किती जणांना चांगली नजर मिळाली, हे तक्त्याच्या आकड्यानेच मोजते. संख्येवरून नजरेच्या दर्जाकडे जाणे ही प्रगती आहे. शिबिरात एका दिवसात अनेक डोळे तपासायचे असतात तिथे तेहतीस प्रश्न विचारणे शक्य नाही, हेही खरे. पण एक-दोन प्रश्न शक्य आहेत: नजरेअभावी कोणते काम सोडावे लागले, आणि शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा सुरू झाले का. उत्तर रुग्णाच्या शब्दांत लिहून ठेवले तर त्याची सरासरी काढता येणार नाही. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मात्र त्याच्यावरून कळेल.

शेवटी ज्यांना उत्तर देता येत नाही अशांचा प्रश्न राहतो. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध, जन्मतः मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे, बोलण्याची शक्ती गेलेले पक्षाघाताचे रुग्ण. त्यांच्या वतीने मुलगा, सून किंवा सांभाळणारी बाई उत्तर देते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे शब्दप्रमाण असले तरी आप्तता उसनी असते, कारण सांगणाऱ्याला दुसऱ्याच्या दिसण्याचे साक्षात ज्ञान नाही. तिने पाहिलेले असते ते वागणे: सासरे आता ताटातले लिंबू स्वतः उचलतात, भिंतीला हात लावून चालत नाहीत. दिसणाऱ्या हालचालींविषयी अशा नातेवाइकांची उत्तरे रुग्णाच्या उत्तरांशी बऱ्यापैकी जुळतात. समाधान, भीती, एकटेपणा यांविषयी ती कमी जुळतात. म्हणून दुसऱ्याने दिलेली उत्तरे रुग्णाच्या उत्तरांत न मिसळता वेगळ्या रकान्यात, सांगणाऱ्याचे नाते लिहून ठेवावी लागतात, आणि वाचताना त्यांतला कामांचा भाग भरवशाचा व मनाचा भाग अंदाजाचा म्हणून धरावा लागतो.